घरटी एक मत

सभा दुपारनंतर होती आणि दोन्ही भाऊ सकाळीच येऊन बसले होते. एरवी एक आला की दुसऱ्याला बाहेर काहीतरी काम आठवायचं. आज दोघे आबांच्या पलंगाच्या दोन बाजूंना खुर्च्या ओढून बसलेले दिसले, तेव्हाच अक्काने ओळखलं की आपला स्वयंपाक वाया जाणार.

ती बर्फाच्या कारखान्यातून थेट आली होती. सकाळभर कंडेन्सरच्या नळ्या घासून हात सोलवटले होते आणि अंगाला अमोनियाचा वास होता. घरच्यांना तो आता जाणवत नसे. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून दोन वर्षांत माहेरी परत आली, मशीनला तेल घालायच्या कामाला लागली, आणि पुढे पंचवीस वर्षांत मशीनखोलीची प्रमुख झाली. बंदरावर लोक तिला मशीनवाली अक्का म्हणत.

व्हरांड्यात एक गुंडाळलेली गादी उभी होती.

"ही कुणाची?" तिने विचारलं.

"माझ्या मुलाची," थोरला अण्णा म्हणाला. "आजपासून तो इथे राहणार. आबांना सोबत."

"आबांना सोबत मी आहे."

"तू दिवसभर कारखान्यात असतेस."

धाकटा बापू हसला. "सोबत! अगं, आबा आज सभासदत्व सोडणार ना. ते घरात राहणाऱ्याच्याच नावावर होतं. म्हणून नातवाचं प्रेम गादीसकट उतू चाललंय. तसं असेल तर माझी पोरगीही येते राहायला. तिची गादी आणतो."

आबा डोळे मिटून पडले होते. ते झोपलेत असं दोघांनाही वाटत नव्हतं, पण त्यांना विचारायचं धाडस कुणी करत नव्हतं.

भांडण सभासदत्वाचं असलं, तरी त्याचं मूळ ठरावात होतं. बर्फाचा कारखाना चालवणाऱ्या मच्छीमार संस्थेचा अण्णा चेअरमन. त्याच्या स्वतःच्या तीन मोठ्या बोटी. आजच्या सभेत त्याने ठराव आणला होता, की यापुढे संस्थेत घरटी एक मत न धरता ज्याच्या जितक्या बोटी तितकी त्याला मतं द्यावीत. बापूची एकच लहान होडी होती आणि तोंड मात्र मोठं. लहान होडीवाल्यांची सगळी फळी त्याने या ठरावाविरुद्ध उभी केली होती. ठराव पास व्हायला हजर सभासदांपैकी दोन-तृतीयांश मतं लागत. बंदरावर जो तो बोटांवर हिशेब करत होता, आणि प्रत्येकाचा हिशेब आबांपाशी येऊन अडत होता. आबांचं मत एकच. पण आबांच्या घराचा हात जिकडे जाईल तिकडे बघून हात वर करणारी दहा-बारा घरं होती.

त्याला कारण होतं. हा कारखाना आबांनी उभा केलेला. त्याआधी बंदरावर बर्फ एकाच व्यापाऱ्याकडे मिळे. लोक त्याला थंडोबा म्हणत. थंडोबा सांगेल त्या दराने ज्याने त्याला मासळी विकली त्याला बर्फ. ज्याने कुरकुर केली त्याची मासळी दुपारपर्यंत किनाऱ्यावर कुजे. आबांनी आणि इतरांनी मिळून पहिली संस्था काढली, तेव्हा जास्त शेअर घेणाऱ्याला जास्त मतं असा नियम होता. थंडोबाने आपल्या माणसांच्या नावाने शेअर घेतले, संस्थेच्या कारकुनाला फितवलं, आणि दोन वर्षांत संस्थाच गिळली. आबांनी पुन्हा दारोदार फिरून दुसरी संस्था काढली. या वेळी दोन नियम त्यांनी स्वतः घातले. घर केवढंही असो, बोटी कितीही असोत, घरटी मत एकच. आणि संस्थेचा पगार घेणाऱ्याला मत नाही.

"आबा," अण्णा हळू आवाजात म्हणाला, "थंडोबा मेला. त्याचा कारखानाही पडला. आज पलीकडच्या तीरावर कंपनीने शीतगृह बांधलंय. मासळी तिथे गोठवून महिनाभर ठेवता येते. मोठे बोटवाले मला रोज विचारतात, आपलं शीतगृह कधी? मी काय सांगू? तीनदा ठराव आणला, तीनदा पडला. कारण ज्याला चार लाद्या बर्फ लागतो त्यालाही तेवढंच मत आणि ज्याला चारशे लागतात त्यालाही तेवढंच. ते पलीकडे गेले, तर हा कारखाना चालेल कुणाच्या जिवावर? बापूच्या होडीच्या?"

"माझ्या होडीला नावं ठेवू नकोस," बापू म्हणाला.

"नावं नाही ठेवत. हिशेब सांगतोय."

"तुमचा हिशेब ठाऊक आहे. आज मतं वाढवून घ्याल, उद्या मला सांगाल की बर्फ शिल्लक राहिला तर देऊ."

अक्का दारात उभी राहून ऐकत होती. अण्णाचं म्हणणं तिला खोटं वाटलं नाही. मोठ्या बोटींनी महिनाभर तोंड फिरवलं तर बर्फाचे निम्मे साचे रिकामे पडतील, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. बापूचं म्हणणंही खोटं नव्हतं. तिची पंचाईत तीच होती. पण तिचं मत कुणी विचारलेलं नव्हतं, त्यामुळे पंचाईत मनातच राहिली आणि ती मासे तळायला आत गेली.

स्वयंपाकघरात वहिनी कांदा चिरत होती. अण्णाची बायको, शाळेत गणित शिकवायची. मोजकं बोलायची, पण बोलली की समोरच्याला उत्तर शोधावं लागायचं.

"गादी मीच बांधून दिली," ती म्हणाली. "बांधताना मोजत होते. या घरात राहायला लायक म्हणून नातू झाला, नात झाली. इथे मुळातच राहणाऱ्या माणसाचं नाव अजून कुणी घेतलं नाही."

"मी पगारी आहे, वहिनी. मला मत नाही."

"पगार सोडला तर?"

अक्काने मासा उलटला. "तुम्हाला काय त्याचं? तुमच्या घरचं मत आहे की."

"आहे ना. चेअरमन व्यासपीठावर बसतात, म्हणून घराचा हात मी वर करते. इतकी वर्षं करतेय. निघताना हे सांगतात, कशाला वर आणि कशाला खाली. हात माझा खरा, पण तो यांनी माझ्या खांद्याला लावून दिलेला असतो."

तिने चिरलेला कांदा ताटलीत सारला आणि डोळे पुसले. कांद्यामुळेच. वहिनी रडणाऱ्यातली नव्हती.

जेवायला सगळे बसले. आबाही उठून टेबलाशी आले. बापूने पहिला घास घेतला, तेवढ्यात अक्का म्हणाली, "आबा, सभासदत्व माझ्या नावावर करा."

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. मग आबा म्हणाले, "पगारी माणसाला मत नाही. नियम मी केलाय."

"मग पगार सोडते."

"अक्का!" अण्णाने हातातला पाव खाली ठेवला. "वेड लागलंय का? मशीन कोण बघणार?"

"तीन माणसं मी तयार केली आहेत. बघतील."

"त्यातला एक आवाजाला घाबरतो!"

"मग दोघं बघतील."

आबा तिच्याकडे बघत राहिले. तिला वाटलं, म्हातारा खूश होईल. निदान एक शब्द बोलेल. पण आबा चेहऱ्यावर काही न आणता म्हणाले, "सभासद म्हणजे मासे धरणारा. माझी होडी शेडमध्ये उलटी पडलीय. वर्षाच्या आत पाण्यात गेली नाही, तर सभासदत्व जाईल. मग ना मत, ना मशीन. विचार केलास?"

"केला," ती म्हणाली. केला नव्हता. होडीची गोष्ट तिच्या डोक्यातच आली नव्हती.

"कर मग," आबा म्हणाले आणि माशाचा काटा काढू लागले.

बापूने टेबलावर हात आपटला. "शाबास! याला म्हणतात बहीण. आता बघतो ठराव कसा पास होतो ते."

"मी तुझ्या बाजूने आहे असं कधी म्हटलं?"

बापूचा घास तोंडातच राहिला. "म्हणजे?"

"म्हणजे मी अजून ठरवलेलं नाही. जेव."

अण्णा पहिल्यांदाच थोडा हसला. वहिनीने मान वर केली नाही. मासे खरोखरच शिल्लक राहिले.

सभा लिलावाच्या शेडमध्ये भरली. फरशी धुतलेली होती तरी मासळीचा वास जात नव्हता. लाकडी खोक्यांवर फळ्या टाकून बाकं केली होती. अक्का या शेडमध्ये शेकडो वेळा आली होती, पण सभेच्या दिवशी ती नेहमी मागे, भिंतीला टेकून उभी असे. संस्थेच्या नोकरांची जागा तिथे होती. आज सेक्रेटरीने तिचा राजीनामा वाचला, आबांचा अर्ज वाचला, हरकत कुणाची आहे का विचारलं. हरकत कुणी घेतली नाही. कुणीतरी म्हणालं, "आता मशीनला कोण ओरडणार?" आणि शेड हसली. मग ती पुढे येऊन बाकावर बसली. मशीनखोलीतली तिची माणसं भिंतीपाशीच राहिली. तिला मागे वळून बघावंसं वाटलं, पण ती वळली नाही.

अण्णाने ठराव मांडला. तो चांगलं बोलला. शीतगृहाचं बोलला, पलीकडच्या कंपनीचं बोलला, आपली पोरं बंदर सोडून चालली आहेत हे बोलला. मोठ्या बोटवाल्यांनी माना डोलावल्या. काही लहान होडीवाल्यांनीही. बापू उठला आणि नको तेवढा ओरडला. थंडोबाचं नाव त्याने इतक्यांदा घेतलं की एक म्हातारा म्हणाला, "अरे, तो मेला ना?" आणि पुन्हा हशा झाला. बापू लाल होऊन खाली बसला. वारं अण्णाच्या बाजूने फिरलं, हे सगळ्यांना कळलं.

तेव्हा अक्काने बोलायची परवानगी मागितली. उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं की हात कुठे ठेवायचे हे आपल्याला कळत नाहीये. मशीनखोलीत हात नेहमी कशावर तरी असत.

"शीतगृह पाहिजे," ती म्हणाली. "चेअरमन म्हणतात ते खरं आहे. मी मशीनवर होते, मला ठाऊक आहे." लहान होडीवाले एकमेकांकडे बघू लागले. "पण मागच्या उन्हाळ्यात मोठा कॉम्प्रेसर बंद पडला. सुटा भाग मिळेपर्यंत बर्फ निम्मासुद्धा निघत नव्हता. तुम्हाला आठवत असेल. तेव्हा चेअरमननी काय केलं? स्वतःच्या तिन्ही बोटी उभ्या ठेवल्या आणि घरटी बर्फ वाटला. एकाही होडीची मासळी कुजली नाही."

अण्णाने पाण्याचा पेला उचलला.

"माझा भाऊ भला माणूस आहे, म्हणून त्याने तसं केलं, असं मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तो आहेही भला. पण त्याला निवडून देणारे हात लहान होड्यांचे होते. ज्या वर्षी ते हात लागणार नाहीत, त्या वर्षी कॉम्प्रेसर बंद पडला तर काय होईल, ते मला सांगता येत नाही. त्यालाही येत नसेल. म्हणून मी ठरावाच्या विरोधात आहे. शीतगृहाचा ठराव पुन्हा आणा, त्याला मी हात वर करीन."

ती बसली. टाळ्या पडल्या नाहीत. मागे कुणीतरी खोकलं, आणि अण्णा म्हणाला, "मत घेऊ या."

ठरावाच्या बाजूचे हात मोजले गेले. सेक्रेटरी रांगेरांगेतून फिरला. वहिनी दुसऱ्या बाकावर बसली होती, दोन्ही हात मांडीवर. अण्णाने तिच्याकडे पाहिलं. मग थोडं थांबून पुन्हा पाहिलं, जणू तिला ऐकू गेलं नसावं. ती समोरच्या खांबाकडे बघत होती.

"विरोधात?"

वहिनीने हात वर केला. शाळेत मुलं करतात तसा, सरळ, कोपर न वाकवता.

सेक्रेटरी तिच्यापाशी येऊन घुटमळला. "साहेब, चेअरमनच्या घरचा हात..." तो व्यासपीठाकडे वळून म्हणाला, "चुकून वर आलाय का?"

सगळी शेड व्यासपीठाकडे बघू लागली. अण्णाचे कान लाल झाले होते; अक्काला ते तिथूनही दिसलं. लहानपणी आबांची बोलणी खाताना त्याचे कान असेच लाल होत.

"हात वर आहे ना?" तो म्हणाला. "मग मोजा."

ठराव तीन मतांनी पडला. दोन मोठे बोटवाले खोकी लाथाडत निघून गेले, ते पलीकडच्या तीरावर जाणार हे उघड होतं. बाकीचे बसून राहिले. बापू लोकांना मिठ्या मारत सुटला होता. अक्का पुन्हा उभी राहिली.

"मला एक ठराव मांडायचा आहे. कारखान्यात काम करणाऱ्या माणसांना सभासद करून घ्यावं. घरटी एक मत, तुमच्यासारखंच."

बापूच्या मिठ्या थांबल्या.

"अनुमोदन कोण देतंय?" अण्णाने विचारलं. त्याचा आवाज सपाट होता.

"मी," वहिनी म्हणाली.

"अक्का, हे काय आता?" बापू पुढे आला. "अगं, बर्फ आपल्याला स्वस्त पाहिजे, त्यांना पगार जास्त पाहिजे. त्यांना मत दिलं तर बर्फाचा भाव कुठे जाईल? आम्ही लहान माणसं, आम्हाला परवडणार आहे का?"

"तासाभरापूर्वी तू म्हणत होतास, ज्याचं पोट या कारखान्यावर त्याला मत पाहिजे."

"ते होडीवाल्यांबद्दल!"

"भिंतीशी उभे आहेत त्यांची पोटं कुठे आहेत?"

बापूने भिंतीकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "मी विरोधात आहे," तो म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नकोस."

तिला वाईट वाटलं. आश्चर्य मात्र वाटलं नाही, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

बाजूने हात मागितले. अक्काचा वर गेला, वहिनीचा गेला, इकडेतिकडे मोजके आणखी. बाकी शेड हात बांधून बसली. मघाशी तिच्यामुळे वाचलेली लहान होडीवाली माणसं तिच्याकडे प्रेमाने बघत होती आणि हात मांडीवर ठेवून होती. मग एकदम कुजबुज झाली. पहिल्या बाकावर, काठीवर एक हात टेकवून, आबांनी दुसरा हात वर केला होता.

सेक्रेटरी गोंधळून थांबला. अण्णा खुर्चीतून अर्धवट उठला. "आबा," तो म्हणाला, आणि आज सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्या आवाजात चेअरमन नव्हता. "आबा, तुमचं मत आता धरता येत नाही. तुम्ही सोडलंय."

"ठाऊक आहे," आबा म्हणाले. "मोजू नकोस."

आणि त्यांनी हात खाली घेतला नाही. सेक्रेटरीची मोजणी संपेपर्यंत तो तसाच वर होता. विरोधातले हात मागितले तेव्हा लोकांनी ते वर केले, पण आबांच्या बाकाकडे न बघता. ठराव आपटला. मोजायचीही फारशी गरज नव्हती.

सभा उठल्यावर अण्णा तिला फाटकापाशी गाठायला आला. वहिनी थोडी पुढे जाऊन थांबली होती. त्या दोघांचं घरी काय होणार ते अक्काला दिसत नव्हतं, आणि तो तिचा विषयही नव्हता.

"मागच्या उन्हाळ्यात," अण्णा म्हणाला, "मी माणूस म्हणून नाही का केलं ते?"

"मला माहीत नाही, अण्णा."

"मलाही नाही," तो म्हणाला. "हेच लागलं बघ मला." मग फाटकाची कडी उगाचच वर-खाली करत त्याने विचारलं, "मुख्य झडपेची किल्ली कुणाकडे देतेस?"

तिने कमरेची किल्ली काढली. किल्लीच्या जागी कमरेला घट्टा पडून कातडं जाड झालं होतं. अण्णाने ती घेतली, खिशात न घालता मुठीत धरली, आणि तो वहिनीच्या दिशेने निघाला. दोघं बरोबर चालू लागले, मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून.

अक्का आबांना हाताला धरून धक्क्यावरून घरी चालली. कारखान्याच्या दाराशी मशीनवरची माणसं उभी होती. त्यांतला आवाजाला घाबरणारा म्हणाला, "अक्का, आत या ना." ती नको म्हणाली. आतून कॉम्प्रेसरची लय येत होती, नीट, एकसारखी. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ती बाहेरच्या माणसासारखी ऐकत होती आणि तिला करण्यासारखं काही नव्हतं.

"आबा, हात का वर केलात?" तिने थोडं पुढे गेल्यावर विचारलं.

आबांनी खाली बघितलं. धक्क्यावरून पाणी खाली गेलेलं होतं. होड्या चिखलात एका कुशीवर कलल्या होत्या.

"त्या कारकुनाने आम्हाला बुडवलं," ते म्हणाले. "थंडोबाने नाही, कारकुनाने. माझ्या पंगतीला जेवणारा माणूस. त्याच्या रागात नियम केला. राग त्याच्यावर होता, आणि भिंतीशी उभी राहिलीस तू. पंचवीस वर्षं मी पहिल्या बाकावर बसत होतो, अक्का. मागे वळून कधी बघितलं नाही."

तिने म्हाताऱ्याचा हात नुसता थोडा घट्ट धरला.

आबांच्या होडीच्या शेडपाशी ते थांबले. होडी दाराशीच ओंडक्यांवर पालथी होती, रंग उडालेला, फळ्यांमधल्या फटी उघड्या. आबांनी काठीने एक फळी ठोकली, कान देऊन ऐकली, दुसरी ठोकली.

"तळ बरा आहे," ते म्हणाले. "या तीन फळ्या जातील. फटी भरायला लागतील."

"मला होडी हाकता येत नाही, आबा."

"माहीत आहे."

"शिकवाल?"

"मला होडीत चढवत नाही आता." आबांनी वाकून होडीच्या कडेवरची धूळ हाताने पुसली. "मी धक्क्यावर बसेन. तिथून शिव्या देईन."

अक्काने बाह्या वर केल्या आणि होडी सरळ करायला चार माणसं कुठून आणायची याचा विचार करत ती शेडमध्ये शिरली.